पाचाला पाच कमी

त्या दिवशी महिन्याची एक तारीख होती. एक तारखेला सकाळी चहा झाला की मी हजेरीबुक घेऊन ओसरीवर बसतो, पट्टीनं रकाने आखतो आणि सगळ्या खेळाडूंची नावं लिहून काढतो. शाळेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण गावच्या कबड्डी मंडळाचं चिटणीसपद काही सुटलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते मागायलाही कोणी आलं नाही. नवव्या नावापर्यंत पोचलो होतो. मिलिंदचं नाव लिहिलं, शाई वाळायची होती, तेवढ्यात फोन वाजला. हकीमभाईंचा. हकीमभाई म्हणजे मैदानासमोरचे टेलर, आमच्या मंडळाच्या बनियनांवर गेली तीस वर्षं नंबर शिवणारे. एरवी घरच्यांची, ढोरावासरांची खबर विचारल्याशिवाय मुद्द्यावर न येणारा माणूस. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "सर, अपना मिलिंद गया..." आणि फोन ठेवला.

मिलिंदनं चाळिशी नुकतीच ओलांडली होती. सोयाबीनच्या गोदामावर पिकअप चालवायचा. सकाळी गाडीला हात लावला, छातीत कळ आली म्हणून पोत्यावर टेकला, तो उठलाच नाही. मेहकरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हे मला नंतर कळलं. फोन ठेवल्यावर मी काय केलं ते सांगतो, कारण हा लेख लिहायचा तर खोटं लिहून उपयोग नाही. मी आधी उरलेली सात नावं लिहून काढली. सुवाच्य अक्षरात. मग बुक मिटलं, चप्पल घातली आणि त्याच्या घराकडे निघालो. असा आहे मी. पान अर्धवट सोडवत नाही.

दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांनी मिलिंदचा फोटो टाकला, खाली दोन हात जोडलेले, आणि वर ओळ: 'मंडळाचा आधारस्तंभ कोसळला.' वाचलं आणि मोबाईल उपडा ठेवला. आधारस्तंभ म्हणे! ज्याला आठ वर्षं या मंडळानं मैदानाच्या रेषेच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, तो आधारस्तंभ. बरं, अध्यक्षांना नावं ठेवायला माझं तोंड तरी कुठं उजळ आहे? त्या आठ वर्षांच्या मुळाशी एक लाल फुली आहे, आणि ती माझ्या हातची आहे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांना मिलिंद कोण हे ठाऊक नसेल. ठाऊक असायला हवा होता. तो का ठाऊक नाही, तेच सांगायला बसलो आहे.

आमचं गाव जानेफळच्या अलीकडचं. गावात दोन गोष्टी बऱ्या पिकतात, सोयाबीन आणि कबड्डी. मिलिंद आठवीत असताना माझ्या हाताखाली आला. बौद्धवाड्यातला, बाप रोजमजुरीवर, अंगानं काटक, आणि बोलायला मोठा खट्याळ. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "चढाई करतोस की पकड?" तर म्हणतो कसा, "सर, पयाले सारेच पयतात. मी धरतो." आणि धरायचा! डाव्या कोपऱ्यात गुडघ्यात वाकून असा काही बसायचा की समोरच्याला वाटावं, याचं लक्षच नाही. आणि त्यानं पाय पुढं टाकला रे टाकला की घोटा मिलिंदच्या मुठीत. हिवरा आश्रमाकडच्या एका स्पर्धेत त्यानं एकट्यानं नऊ पकडी केल्या, तेव्हा समोरच्या संघाचा म्हातारा प्रशिक्षक सामना संपल्यावर येऊन त्याची मनगटं दाबून बघून गेला होता. मी तेव्हा छाती काढून फिरलो. पोरगा माझा होता ना!

आता त्या फुलीचं सांगतो. आमच्या मैदानावर सराव पाचला सुरू. पाचची शिट्टी मी वाजवतो आणि लगेच हजेरी घेतो. शिट्टीच्या आधी आला त्याची बरोबरची खूण, निळ्या शाईत. शिट्टीनंतर आला त्याची फुली, लाल शाईत. मग तो दोन तास सराव करो, जास्तीच्या दहा फेऱ्या मारो, फुली ती फुलीच. हा माझा नियम. मंडळातल्या सगळ्यांना माहीत, की लाल फुली म्हणजे 'उशिरा आला'. पण बुकाच्या पहिल्या पानावर, खुणांच्या खुलाशात मीच कधीकाळी लिहून ठेवलं होतं: 'लाल फुली – गैरहजर.' का? तर पोरांना धाक बसावा म्हणून. वेळेवर आला नाही तो आलाच नाही, असं मी शिट्टी बोटावर फिरवत सांगायचो. खाडाखोड चालायची नाही, सबब चालायची नाही. जिल्ह्याचे लोक आले की मी ते बुक मुद्दाम टेबलावर ठेवायचो. असं बुक जिल्ह्यात कोणाकडे नाही, असं ते म्हणायचे. भलताच माज होता मला त्या बुकाचा.

मिलिंद चोवीस वर्षांचा होता. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा खेळाडूंच्या कोट्यातून पार केली होती, लेखी झाली होती, यादीत नाव लागलं होतं. नेमणुकीचं पत्र तेवढं यायचं होतं. त्या संध्याकाळी साडेचारलाच तो मैदानावर आला. रेषा आखायची चुन्याची फक्की संपली होती. मी म्हटलं, "मिलिंदा, जा बरं, स्टँडजवळच्या दुकानातून एक थैली घेऊन ये." तो म्हणाला, "सर, पाच वाजतीन." मी म्हटलं, "सायकल घे की लेका, वाजत नाहीत." वाजले. दुकानात गर्दी होती. पाच वाजून सात मिनिटांनी खांद्यावर थैली घेऊन आला, केसांपर्यंत पांढरा झालेला. मी हजेरी घेऊन बसलो होतो. त्याच्या नावापुढं लाल फुली मारली. त्यानं वाकून बुकात बघितलं आणि हसायला लागला, "वा सर! तुमच्याच कामाले गेलो, अन् मलेच फुली!" मी म्हटलं, "नियम तो नियम." पोरं हसली, मीही हसलो. मग त्यानं रेषा आखल्या आणि सात वाजेपर्यंत आमच्याबरोबर सराव केला. समोर दुकानात हकीमभाई मशीन चालवत होते. सगळं त्यांच्या नजरेसमोर.

त्याच संध्याकाळी सहाच्या सुमाराला स्टँडच्या चौकात राडा झाला. चौकाच्या नामफलकावरून आठ दिवस धुसफूस चालली होती, ती त्या दिवशी फुटली. दगड आले, काठ्या निघाल्या, एका माणसाचं डोकं फुटलं आणि हात मोडला. रात्री गुन्हा दाखल झाला त्यात अकरा नावं होती, अकराही एकाच वस्तीतली. त्यात मिलिंदचं. का? तर दुपारनंतर तो स्टँडजवळ दिसला होता. अंगापिंडानं मोठा, गावात ओळखीचा, नाव सांगायला सोपं. तिथं तो कोणाच्या कामाला गेला होता ते गुन्हा लिहिणाऱ्याला कशाला माहीत असणार! मला माहीत होतं...

जामीन झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. ओसरीवर चढला नाही, खालीच उभा राहिला. हा पोरगा माझ्या स्वयंपाकघरात बसून भाकरी खायचा, आणि त्या दिवशी पायरीखाली उभा! म्हणाला, "सर, वकील म्हनते का सरावाले होतो हे कोनी मंडळाच्या मानसानं सांगतलं पाह्यजे. तुमी येवढं सांगा का मी मैदानावर होतो. बाकी काहीच नोका सांगू." मी म्हटलं, "अरे, पण हजेरीत फुली आहे." त्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. "फुली कायची हाय ते तुमालेच तर माईत हाय ना, सर!" अंग काढून घेणारा माणूस जे म्हणतो तेच मी म्हणालो, "अध्यक्षांशी बोलून बघतो."

बोललो. बैठकच बोलावली त्यांनी. अध्यक्ष म्हणजे गावचे मोठे बागाईतदार, मंडळाचं मैदान त्यांच्या वडिलांनी दिलेलं, त्यामुळे बैठकीत त्यांच्यानंतर बोलायची पद्धत नाही. ते म्हणाले, "हे पाहा सर, पोरगं चांगलं आहे, कोण नाही म्हणतं? पण मंडळानं कोर्टाची पायरी चढायची नाही. आज त्याच्यासाठी उभे राहिलो तर गाव म्हणेल, मंडळ त्या लोकांचं झालं." त्या लोकांचं... सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी खाली सतरंजीकडे बघितलं. एकजण कसाबसा म्हणाला, "पण सर, त्या दिवशी तो सरावाला होता ना?" अध्यक्षांनी माझ्या मांडीवरचं बुक उचललं, ते पान काढलं, मग पहिलं पान काढलं आणि सगळ्यांपुढं धरलं. "तुमचंच अक्षर ना, सर? आता तुम्ही कोर्टात जाऊन सांगणार, की माझं बुक खोटं?" काय सांगू... मला त्या क्षणी मिलिंद दिसायला हवा होता. मला बुक दिसलं. इतक्या वर्षांचं माझं बुक, आणि भर कोर्टात कोणीतरी काळ्या कोटातला त्याची पानं हलवून हसतो आहे. मी मान खाली घातली. ठराव मीच लिहिला. 'सदर खेळाडूबाबत न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत त्यास संघात घेऊ नये. या प्रकरणी मंडळ तटस्थ राहील.' तटस्थ हा शब्द मला सुचला. अध्यक्षांना फार आवडला. दोनदा म्हणून बघितला त्यांनी.

निकाल लागेपर्यंत! आम्हाला वाटलं सहा महिने, फार तर वर्ष. आठ वर्षं लागली. यादीत नाव लागूनही चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसला आणि नेमणुकीचं पत्र आलंच नाही. मधल्या काळात सोनाळ्याकडच्या एका संघानं त्याला खेळायला बोलावलं. त्यांना केसशी काही घेणंदेणं नव्हतं, डावा कोपरा हवा होता. त्यासाठी आमचा ना हरकत दाखला लागत होता. मिलिंद तीनदा विचारायला आला. अध्यक्ष म्हणाले, "निकालाआधी दाखला दिला तर आपण त्याला हाकलल्यासारखं होईल. आपण कुठं हाकललंय? नाव आहे ना बुकात!" हे ते अगदी मनापासून म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांना त्यात मोठेपणाच वाटला. आम्ही त्याला काढलं नाही. नाव ठेवलं. आणि नाव ठेवलं म्हणून त्याला दुसरीकडे कुठं खेळता आलं नाही. दावणीला बांधलेलं जनावर आणि पुढ्यात वैरण नाही, तसं केलं आम्ही त्याचं.

तरी तो यायचा. दर संध्याकाळी पाचच्या आत. फक्कीची थैली घ्यायचा, वाकून मागं मागं सरकत रेषा आखायचा, आणि शिट्टी झाली की रेषेबाहेर जाऊन उभा राहायचा. खेळायचा नाही. शिकवायचा मात्र. बाहेरून ओरडायचा, "आबे, पायाकडे पाह्य, तोंडाकडे काय पाह्यतं!" त्यानं असं बाहेरून ओरडून ओरडून कोपऱ्यावरचे दोन चांगले खेळाडू तयार केले. त्यांच्या सत्काराला मंचावर मी होतो. मिलिंद खुर्च्या लावत होता.

तिसऱ्या वर्षी काय झालं ते ऐका. अध्यक्षांचा पुतण्या आमचा चढाईपटू. बरा खेळायचा, पण दारू पोटात गेली की राक्षस. एका लग्नाच्या वरातीत गाणं बदललं नाही म्हणून डीजेवाल्याच्या डोक्यात त्यानं लोखंडी रॉड घातला. शंभर माणसांनी बघितलं. टाके पडले, गुन्हा नोंदला गेला, दोन रात्री आत राहून आला. आठ दिवसांवर स्पर्धा होती. बैठक बसली. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, कोर्टात सिद्ध होईपर्यंत कोणीच गुन्हेगार नसतो. आणि केस मैदानाबाहेरची आहे, ती मैदानात आणायची नाही." आणि ठराव? मीच लिहिला. तेच ठरावाचं बुक, तेच पेन. 'खेळाडूच्या खाजगी बाबींचा मंडळाशी संबंध नाही.' चार पानं मागं उलटली असती तर मिलिंदचा ठराव दिसला असता. कोणी उलटली नाहीत. पुतण्या खेळला, संघ जिंकला, गावातून गुलाल उधळत ट्रॅक्टर फिरला. मी त्या संध्याकाळी मैदानावर गेलो तर मिलिंद एकटाच रेषा आखत होता. म्हटलं काहीतरी बोलेल, शिवी देईल, थैली फेकेल. मान वर न करता म्हणाला, "सर, जरा बाजूले व्हा. तुमच्या पायाखाली रेषा येऊन राह्यली."

मंडळाच्या वतीनं कोणी कोर्टात गेलं नाही, पण हकीमभाई गेले. ना मंडळाचे सभासद, ना मिलिंदच्या जातीचे, ना नात्याचे. दुकान बंद ठेवून, धुतलेला पायजमा घालून गेले आणि शपथेवर सांगून आले, की सहा वाजता हा पोरगा माझ्या डोळ्यांसमोर मैदानात होता. सरकारी वकिलांनी त्यांना विचारलं, "तुम्ही शिलाई करत होता की मैदान बघत होता?" आणि मग आमच्या हजेरीबुकाची पोलिसांनी नेलेली नक्कल पुढं केली. पहिलं पान आणि ते पान. "मंडळाचं स्वतःचं रेकॉर्ड गैरहजर सांगतंय. मग खोटं कोण, मंडळ का तुम्ही?" हे हकीमभाईंनी मला मशीनवर मान खाली घालून सांगितलं. "मैं क्या बोलता, सर? लिखा हुआ था ना." त्यापुढे ते कधी त्या विषयावर बोलले नाहीत. माझ्या मापाचा सदरा मात्र त्यांनी पुन्हा शिवला नाही. नेहमी काम फार आहे म्हणायचे.

आठव्या वर्षी निकाल लागला. मारहाणीत तो होता असं कोणी ठामपणे सांगू शकलं नाही. अकराही सुटले. मिलिंदच्या बाबतीत शब्द होते, 'संशयाचा फायदा देऊन.' तो पेढे घेऊन मैदानावर आला. अध्यक्षांनी पेढा उचलला आणि हसून म्हणाले, "चला, संशयाचा का होईना, फायदा झाला." गाव तेच बोलायचं: सुटला, पण संशय होता ना! ती फुली नसती, किंवा फुलीचा खरा अर्थ सांगायला मी गेलो असतो, तर तो 'नव्हताच तिथं' म्हणून सुटला असता. हा फरक कायद्यात किती असतो ते मला ठाऊक नाही. स्टँडवर चहा पिताना केवढा असतो ते मी बघितलं आहे. ठरावाप्रमाणे आता त्याला संघात घेता येत होतं. बत्तीस वर्षांचा झाला होता, गुडघ्यात वाकून बसला की उठताना हात टेकावा लागायचा. दोन सामने खेळला. दुसऱ्यात चढाईपटूचा घोटा हातातून निसटला, तेव्हा तो स्वतःच्या तळव्याकडे बघत बाहेर आला आणि म्हणाला, "झालं, सर." पुन्हा उतरला नाही.

पण हजेरीला यायचं थांबला नाही. आणि इथून ते सुरू झालं, जे मला त्याच्या मरणापर्यंत पुरलं. रोज पाचाला पाच कमी असताना फाटकातून यायचा, सरळ माझ्या टेबलाशी, आणि विचारायचा, "सर, वाजले किती?" मी घड्याळ बघून म्हणायचो, "पाचाला पाच कमी." "लिवा मंग." बरोबरच्या खुणेशेजारी मी वेळ लिहायचो: ४.५५. तो वाकून बघायचा, मान हलवायचा आणि फक्की घ्यायला जायचा. रोज. गोदामावरून घामानं भिजलेला यायचा, पण चार पंचावन्न चुकवायचा नाही. मला तो टोमणा वाटायचा. सुरुवातीला राग यायचा, की बस्स झालं आता, किती दिवस टोचणार? एकदा म्हणालो पण, "मिलिंदा, सोड ना आता ते." तर नुसता हसला. मग मी मुकाट्यानं लिहायला शिकलो. माझी शिक्षा समजून लिहायचो. आणि शिक्षा भोगतो आहे याचं थोडं बरंही वाटायचं मला, हेही कबूल करून टाकतो.

इतकी वर्षं शाळेत आणि मंडळात काढून आता मला कोणी विचारलं, की खेळाडू पोलीस-कोर्टाच्या भानगडीत सापडला तर मंडळानं काय करावं, तर मी सांगेन: बापा, तुम्ही न्यायाधीश नाही, नका होऊ. एकाला बाहेर काढायचं आणि दुसऱ्याला ट्रॅक्टरवर चढवायचं, हे तर मुळीच नको. जो नियम लावाल तो सगळ्यांना एक लावा, आणि पोरगा दुसरीकडे खेळतो म्हणाला तर त्याचा हात सोडा. पण सगळ्यात आधी, तुम्हाला जे माहीत आहे ते जिथं सांगायचं तिथं जाऊन सांगा. खरं माहीत असून गप्प बसायचं आणि त्याला तटस्थ म्हणायचं, हा हरामखोरपणा आहे. शब्द कडक वाटेल. मी स्वतःसाठी वापरला आहे, त्यामुळे कोणी वाईट वाटून घेऊ नये.

मैदानावर शोकसभा झाली. अध्यक्ष बोलले, "मंडळ सदैव त्याच्या पाठीशी उभं होतं." पुतण्यानं फोटोला हार घातला, तो आता मंडळाचा उपाध्यक्ष आहे. हकीमभाई दुकानातून उठले नाहीत, मशीन तेवढी बंद ठेवली होती. मिलिंदची बायको संगीता आली नाही. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो आणि खिशातला कागद चाचपून तसाच खाली बसलो. तेवढंही जमलं नाही.

तो कागद घेऊन मी पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसकार्याच्या, दुसऱ्या दिवशी संगीताकडे गेलो. मंडळाच्या लेटरहेडवर, माझ्या सहीनं, शिक्का मारून लिहिला होता: अमुक दिवशी मिलिंद मंडळाच्याच कामासाठी स्टँडजवळ गेला होता, पाच वाजून सात मिनिटांनी मैदानावर आला, सात वाजेपर्यंत सरावाला हजर होता, बुकातली लाल फुली गैरहजेरीची नसून उशिराची आहे, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं पाणी दिलं. कागद हातात घेऊन सावकाश वाचला. मग म्हणाली, "तारीख आजची हाय याच्यावर."

मी म्हटलं, "हो."

"आता हे कोनाले दाखवू, सर?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तीच बोलली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "ते रोज तुमच्याकडून टाइम लिवून घेत होते ना... तुमाले काय वाटलं, काऊन घेत होते?"

मी खरं तेच सांगितलं. "मला टोचायला."

ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी मिलिंदनं बघितलं होतं तसं. "तुमाले टोचाले? मी रोज भांडत होती त्यायच्याशी, का कामावरून थकून येता अन् त्या मैदानावर कायले जाता म्हनून. तं म्हनत, सर मानूस चांगला हाय, फक्त बुकाले भेते. रोज त्यायच्या हातानं खरं लिवून घेतो मी. एक डाव सवय लागली का मांगचं बी लिवतीन." तिनं कागदाची घडी केली. "लय वाट पाह्यली त्यायनं, सर."

तिनं तो कागद फोटोपुढं ठेवला नाही, फाडला नाही, मला परतही दिला नाही. घडी हातातच होती. मी उठलो तेव्हाही हातातच होती.

महिना संपत आला आहे. नववं नाव अजून बुकात आहे, कारण ते एक तारखेला फोन यायच्या आधी लिहिलं गेलं आणि खाडाखोड मी करत नाही. त्याच्या रांगेत निळी खूण नाही आणि लाल फुली मारायची माझी हिंमत नाही. रेषा हल्ली पोरं आखतात, वाकड्या येतात. चार पंचावन्नला मी घड्याळाकडे बघतो, मग फाटकाकडे, आणि त्याच्या रकान्यात वेळ लिहितो. कोणी 'लिवा मंग' म्हणत नाही, तरी लिहितो. सवय लागली आहे आता.